गळका बंब

आमच्या घरात माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आणि मानानेही मोठ्या अशा तीन वस्तू आहेत: आजीचे जाते, देवघरातली समई आणि न्हाणीतला तांब्याचा बंब. जाते आता कोणी फिरवीत नाही. समई सणावारी निघते. बंब मात्र रोज पेटतो. निदान २०२४ च्या डिसेंबरापर्यंत तरी तो रोज पेटत होता.

ज्यांच्या घरी बटण दाबले की गरम पाणी येते, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. बंब म्हणजे तांब्याचे एक उभे, गोल पिंप. त्याच्या बरोबर मधून, बुडापासून वरच्या तोंडापर्यंत, एक नळा गेलेला असतो. नळ्याच्या तळाशी लोखंडी जाळी आणि जाळीवर विस्तव. वरून ढलप्या, काटक्या, मक्याची बुरकुंडे टाकीत राहायचे. नळा तापतो आणि त्याच्या भोवतीचे पाणी तापते. चुलीवरचा हंडा विस्तवाच्या डोक्यावर बसतो. इथे विस्तवच पाण्याच्या पोटात बसतो. म्हणून जळण कमी लागते. पाणी काढायला पितळेची तोटी. नियम एकच, आणि तो आजीने आम्हा भावंडांना मुळाक्षरांच्याही आधी शिकवला होता: आत पाणी असल्याशिवाय बंब पेटवायचा नाही. कोरड्या बंबाची धग थेट सांध्यांना लागते आणि सांधे सुटले की बंब गेला.

एकदा भाषाशास्त्राच्या तासाला मॅडमनी सांगितले की 'बंब' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला; त्यांच्या भाषेत 'बोंबा' म्हणजे पाणी उपसायचा पंप. आग विझवणारा तोही बंब आणि आग पोटात घेऊन बसणारा तोही बंब, याची मला मोठी गंमत वाटली. घरी येऊन मी ती आजीला सांगितली. आजी म्हणाली, "पोर्तुगीज कशाला? तुझ्या आजोबानं पुन्याहून आनला."

ते खरेच. अप्पा, म्हणजे माझे वडील, १९६९ साली जन्मले. बाळ-बाळंतिणीच्या पाण्यासाठी आजोबांनी कांद्याच्या पट्टीतून हा बंब घेतला आणि एस.टी.च्या टपावर टाकून चाकणला आणला. त्याच्या गळ्याशी आजोबांचे नाव, गाव आणि साल घातलेले आहे. १९७२ च्या दुष्काळात घरातले हंडे, घागरी, परात अशी एकेक भांडी मोडीत गेली. बंब राहिला. तो का राहिला, हे आजी दर वेळी वेगळे सांगते, म्हणून ते इथे लिहीत नाही.

तर त्या डिसेंबरात एका पहाटे आजीने न्हाणीतून हाक मारली, "राखंला पानी लागतंय." जाळीखालची राख एका बाजूने ओली झाली होती आणि विस्तवावर थेंब पडून 'चर्र' असा बारीक आवाज येत होता. बुडाजवळ, नळा जिथे पिंपाला जोडला आहे, त्या सांध्यातून पाणी झिरपत होते.

आम्हाला त्याची फारशी काळजी वाटली नाही. आपण राहतो कुठे? इकडे चाकणच्या, तिकडे भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत! रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने. दर दुसऱ्या घरात एक फिटर, टर्नर नाही तर वेल्डर. मोटारी, स्कुटरी, यंत्रे, यंत्रांची यंत्रे इथे तयार होतात. आणि आमच्या गळक्या बंबाला एक डाख द्यायला माणूस मिळणार नाही?

मिळाला नाही. चौकातल्या प्लंबरने बंब न पाहताच गिझरचे दोन भाव सांगितले. एक साधा, एक पाच वर्षांच्या हमीचा. कल्हईवाला पूर्वी आळीत यायचा. त्याचा भाता, नवसागराचा तो नाकात जाणारा धूर आणि काळ्या पातेल्यात क्षणात उजळणारी चांदी मला लहानपणची आठवते. तो कधी यायचा थांबला, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये दादा (माझा भाऊ) बंबाचा फोटो घेऊन गेला. तिथला वेल्डर भला माणूस होता. तो म्हणाला, "स्टीलचं काय असेल ते आणा, एका तासात देतो. तांब्याला मी कधी हात लावलेला नाही." दुसरीकडे सांगितले, असे शंभर बंब असतील तर बघू, एकासाठी सेटिंग परवडत नाही.

इथे मला आमच्या अर्थशास्त्राच्या सरांची आठवण झाली. ॲडम स्मिथच्या १७७६ च्या ग्रंथातला टाचण्यांचा कारखाना सरांनी आम्हाला फार रंगवून सांगितला होता. एकाने तार ओढायची, दुसऱ्याने ती सरळ करायची, तिसऱ्याने तोडायची, चौथ्याने टोक काढायचे. आणि अशा रीतीने दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. मी तेव्हा ते पाठ केले, परीक्षेत लिहिले, गुणही मिळाले. पण त्या दहांपैकी एकाच्या घरी काही मोडले तर तो ते कोणाकडे नेई, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. आमच्या दादाचेच घ्या. तो एका कारखान्यात कंत्राटावर आहे. आठ तास एकाच जातीचे चार बोल्ट आवळतो. घरची सायकल पंक्चर झाली की दुकानात नेतो. यात त्याचा दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही.

अप्पांची गोष्ट वेगळी होती, आणि म्हणूनच ती लिहायला मला जड जाते.

अप्पा भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात फिटर होते. तिथे खरा बॉयलर होता. बंद भांड्यात दाबाखाली वाफ करणारा, १९२३ च्या कायद्याखाली येणारा, दर वर्षी सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागणारा. (आमचा बंब कायद्याने बॉयलर ठरत नाही, त्याचे तोंड उघडे आहे आणि त्याची तपासणी आजी करते.) वाफेची लाइन कुठे फुसफुसते आहे हे अप्पांना चालता चालता कळे, असे त्यांचे सोबती सांगत. पुढे कारखाना बंद पडला. अप्पा हिशेब घेऊन आणि आपल्या हत्यारांची निळी पेटी घेऊन घरी आले. तेव्हापासून आळीत कोणाचा पंप, कोणाचा कुलूप-कोयंडा, कोणाचा कुकर, जे मोडेल ते आमच्या ओट्यावर येई. पैसे ते घेत नसत. 'मिस्त्री, बघता का जरा?' एवढे कोणी म्हणाले की त्यांचा चेहरा बदलत असे, तो मी पाहिलेला आहे.

बंबाचे काम त्यांनी आधीच का केले नाही? मला वाटते, त्यांना ते जमेल याची त्यांना खात्री नव्हती. आणि ते जमणार नाही असे म्हणायची सवय नव्हती. शेवटी सगळे उपाय थकल्यावर एका रविवारी त्यांनी ओळखीच्या दुकानातून गॅसचे वेल्डिंगचे सामान आणले. बंब अंगणात पालथा घातला. आळीतली दहा-बारा माणसे जमली, कारण मिस्त्री काही करताहेत म्हटल्यावर जमायचेच.

तांबे उष्णता धरून ठेवीत नाही, ती पळवून नेते. ज्योत सांध्यावर, आणि तापतो सगळा बंब! अप्पांनी ज्योत मोठी केली, जास्त वेळ धरली. मग सांध्यातून करड्या रंगाचे पाऱ्यासारखे थेंब ओघळू लागले, आणि बघता बघता जिथे केसाएवढी चीर होती तिथे बोट जाईल एवढे भोक पडले. अप्पांनी गॅस बंद केला. कोणी काही बोलले नाही. माणसे एकेक करून निघून गेली. एक काकू जाताना म्हणाल्या, "जुनं झालं होतं हो." तेवढे त्या न बोलत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर पंधरा दिवस आजीची आंघोळ गॅसवरच्या पातेल्यातल्या पाण्याने झाली. तिचे गुडघे थंडीत धरतात. तिला पाणी भरपूर आणि कढत लागते. पण तिने चकार शब्द काढला नाही. अप्पा पहाटेच बाहेर पडत आणि सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर घरी येत. निळी पेटी ओट्यावरून खाटेखाली गेली. दादा म्हणाला, मोडीत घालू, आलेल्या पैशात गिझर बसवू. त्याने कुदळवाडीच्या एका भंगारवाल्याकडे चौकशीही केली. बंब घेऊन या, वजन करून भाव देतो, असे तो म्हणाला. दादाचे बोलणे हिशेबाला धरून होते. आजीला विचारले तर ती म्हणाली, "त्याला विचारा." अप्पांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. (ती कुदळवाडीही पुढे राहिली नाही, फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली गोदामे आणि पत्र्याच्या शेडी पाडून टाकल्या. मोडीचा बाजारच मोडीत निघाला म्हणायचा.)

मला मात्र राहवेना. बंबापेक्षा मला त्या पेटीचे वाईट वाटत होते. आजीला मी विचारले, आजोबांनी बंब आणला तो पुण्यात नेमका कुठून? ती म्हणाली, "कसब्याच्या गनपतीकडं. लई ठोकाठोकी चालती तिथं. मी गेलते त्यांच्यासंगं."

कॉलेजला एक दिवस सुट्टी मारून (हे वाचणाऱ्या सरांनी क्षमा करावी) मी निघाले. नाशिक फाट्यापर्यंत बसने गेले. शेजारी कासारवाडी. नाव कासारांचे आहे म्हणून आधी तिथे विचारून पाहिले. एका दुकानदाराने मला बांगड्यांच्या दुकानाचा पत्ता दिला. त्याचेही बरोबरच होते. बांगड्या भरणाराही कासारच. तिथून मेट्रोने कसबा पेठ. सप्टेंबर २०२४ मध्ये हे भुयारी स्टेशन सुरू झाले. जमिनीखालून सरकत्या जिन्याने वर आले, आणि विचारत विचारत तांबट आळीत शिरले.

आळी दिसण्याआधी ऐकू आली. ठण् ठण् ठण्. एक नाही, दोन-तीन घरांतून, प्रत्येकाचा ठेका वेगळा. पेशव्यांच्या काळापासून त्वष्टा कासारांची ही वस्ती आहे. त्यांच्या कालिकामातेचे देऊळ इथेच आहे. एके काळी बंब, घंगाळे, हंडे इथून गावोगाव जात. आता उंबऱ्याशी मांडलेल्या होत्या त्या पाण्याच्या बाटल्या, दिव्यांच्या शेड, शोभेचे वाडगे. एका घरात साठीपुढचे एक गृहस्थ मांडीवर पोते टाकून ठोकत बसले होते. मी मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर नेला, फोटो जवळ घेतला आणि पहिला प्रश्न केला, "साल काय घातलंय?"

"१९६९."

"मग आमच्याच आळीतला असणार. आणा." मग थोडे थांबून म्हणाले, "बंबाचं काम आता वर्षात एखादं येतं. वेळ लागेल. कोणीतरी हाताखाली लागेल. माझा मुलगा बँकेत आहे."

अप्पा यायला तयार होईनात. दादाला पाठवा म्हणाले. आजीने मध्ये पडून तोडगा काढला, "तू काय करू नको. नुसता टेम्पोत ठेव आन् उतरून दे."

तांबटकाकांनी बंब आडवा घेतला आणि लाकडी हातोडीने वरपासून खालपर्यंत टकटक करीत गेले. वर आवाज घंटेसारखा होता. खाली येता येता तो मातीच्या मडक्यासारखा बद्द झाला. "आत खडा बसलाय. बोअरचं पाणी घालता?" आम्ही घालतो. बोअरच्या जड पाण्यातला चुना वर्षानुवर्षे नळ्यावर बसत जातो. तो थर उष्णता अडवतो. मग पाणी उशिरा तापते, म्हणून आपण जाळ वाढवतो आणि नळा आणखी जळतो. बंब गळायला लागला त्याचे मूळ तिथे होते. त्या रविवारी नव्हते. मला हे ऐकून इतके बरे वाटले की मी अप्पांकडे पाहिले. ते दाराच्या चौकटीला टेकून रस्त्याकडे बघत होते.

मग काका त्या भोकापाशी आले. बोट फिरवले. "हे कोणी केलं?"

मी गप्प बसले. एखाद्या वेल्डरचे नाव सांगता आले असते. त्या वेल्डरला काय फरक पडणार होता?

"मी केलं," अप्पा म्हणाले.

"काय करता आपण?"

"फिटर होतो. बॉयलरवर."

काका काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी बोटाने भोकाच्या कडेचा करडा भाग दाखवला. "चूक तुमची आहेच. पण निम्मी. तुमच्या आधी कोणी तरी इथं कथलाचा डाख देऊन गेलाय. तो आधी खरवडून काढायचा असतो. तसाच ठेवून ज्योत लावली की कथील तांबं खातं. या, बसा इथं."

अप्पा बसले. उकिडवे, जसे ते ओट्यावर बसत तसे. काकांनी त्यांच्या हातात खरवडणी दिली आणि जुना डाख काढायला लावला. दुपारपर्यंत तेच चालले होते. खाली शुद्ध तांबे गुलाबी दिसेपर्यंत काका 'अजून' म्हणत आणि अप्पा मान खाली घालून खरवडीत. आत चिंचेचे पाणी कढवून घातले होते. त्याने खडा सुटत होता.

पुढचे काम मी पहिल्यांदाच पाहिले. नव्या पत्र्याच्या तुकड्याला कडेने दाते पाडायचे. एक दाता वर, एक खाली असे जुन्या पत्र्यात गुंतवायचे आणि ठोकून बसवायचे. त्यावर पितळेचा कीस आणि टाकणखार ओला करून लावायचा. मग सगळ्या अंगाला आधी ताव द्यायचा, आणि नंतर सांध्याला. अप्पांनी सगळ्या अंगणासमोर जे केले त्यात हेच राहिले होते. तांबे १०८५ अंशांना वितळते, पितळ त्याच्या शे-दीडशे अंश आधी. सारी विद्या त्या मधल्या फटीत आहे.

"किती तापवायचं?" अप्पांनी विचारले. आजवर कोणाला काही विचारताना मी त्यांना ऐकले नव्हते.

"रंग बघायचा. सांगतो." काकांनी दुकानातला दिवा मालवला, कारण उजेडात रंग कळत नाही. अंधारात तांबे आधी काळे, मग गडद लाल, मग पिकल्या टोमॅटोसारखे झाले आणि टाकणखार काचेसारखा पसरला. "आता," काका म्हणाले, आणि त्याच क्षणी पितळ पाण्यासारखे दात्यांतून धावले. अप्पांच्या तोंडून "हां!" असा आवाज निघाला.

तापलेले तांबे मऊ पडते. ते पुन्हा घट्ट व्हायला ठोकावे लागते. बंबावर, घंगाळावर ज्या गोल गोल ठशांच्या ओळी असतात, ज्याला मठारकाम म्हणतात, ती मी आजवर नक्षी समजत होते. ती नक्षी आहेच. पण पत्रा कणखर होतो तोही त्यानेच. काकांनी दोन ओळी ठोकल्या आणि हातोडी अप्पांना दिली. अप्पांचे ठसे वाकडे पडले. काकांनी एकदाच मनगट धरून हात सरळ केला आणि चहा सांगायला उठून गेले.

निघताना अप्पांनी मजुरी विचारली. काकांनी सांगितली ती मला कमी वाटली. अप्पांनाही वाटली असावी, कारण त्यांनी थोडे वर ठेवले आणि काकांनी ते परत केले. "अर्धं काम तुम्ही केलंत," ते म्हणाले. "नळा मात्र पातळ झालाय. तीन-चार वर्षं काढेल. तोवर मी इथं बसलेला असेन की नाही, सांगता येत नाही. माप घेऊन ठेवा." अप्पांनी खिशातून टेप काढली. टेप त्यांनी बरोबर आणली होती, हे मला तेव्हा कळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता बंब पेटला. अप्पा न्हाणीच्या दाराशी कान देऊन बसले होते. कोठे चर्र होत नव्हते. पाणीही लवकर तापले. खडा निघाल्यामुळे ते व्हायचेच. आजीने आधी जाळीखाली हात घालून राख चिमटीत घेतली. कोरडी होती. तिने ती बोटांत चोळली, अप्पांकडे पाहिले आणि म्हणाली, "सरक आता. पानी काढू दे."

नळ्याची मापे आमच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने लिहिलेली आहेत. वर्ष उलटले तरी आई ते पान फेकू देत नाही. मधल्या काळात अप्पा तीनदा एकटेच कसब्यात जाऊन आले. कशाला, ते सांगत नाहीत. येताना टाकणखाराची पुडी असते. परवा त्याच काकू, 'जुनं झालं होतं' म्हणणाऱ्या, आपले गळके घंगाळ घेऊन आल्या. अप्पा "बघतो" म्हणाले. निळी पेटी आता ओट्यावर, बरोबर वाटेत असते. येताजाता सगळ्यांच्या पायाला लागते. पण ती कोणी हलवीत नाही.